कृपादान मास्तरांचे ‘माहीत नाही’

कोल्हार,
सोमवार, २१ जानेवारी १९७४

तीर्थरूप दाजी आणि आक्का यांस,

दोघांनाही उभ्यानेच नमस्कार. (पत्रात साष्टांग घालायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, पण माझा डावा गुडघा दिवाळीपासून वाकत नाही, आणि जो नमस्कार समोर आल्यावर घालता येणार नाही तो कागदावर घालणे मनाला पटत नाही.) आक्काचा खोकला आता कसा आहे? तुर्भ्याच्या हवेत तो बरा होणार नाही असे मी मागच्या पत्रात लिहिले होते. ते खोटे ठरले असेल तर मला आनंदच होईल. दाजी, आपला रक्तदाब, आपली कचेरीची बस, आपल्या भांडारातली मोजदाद, सगळे सुरळीत असावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायला घेतले होते. पण ‘सर्व’ म्हटले की त्यात मीही येतो, म्हणून ते वाक्य खोडले. पुष्पावती बरी आहे. म्हैस बरी आहे. उसाला तोड आली आहे. मी बरा नाही.

मला काय झाले आहे ते दैनंदिनीत एका शब्दात लिहिले आहे: मत्सर. पुढे कंसात लिहिले, ‘कारण शास्त्रीय आहे की वैयक्तिक, ते तपासावे.’ तेव्हापासून तपासतो आहे. निष्कर्ष आपण काढावा, कारण आपण शास्त्राच्या घरात वावरता. (आपण तिथे भांडारपाल आहात हे मी गावात अजून कुणाला सांगितलेले नाही. खोटे काही बोललो नाही. ‘दाजी अणुशक्तीत आहेत’ एवढेच म्हणतो, आणि भांडारही त्याच भिंतीच्या आत आहे.)

ज्यांचा मत्सर वाटतो ते आमच्याच शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. पुन्हा लिहितो, चित्रकलेचे. कृपादान गायकवाड, वय तिशीचे, दोन वर्षांपूर्वी पारनेरहून बदलून आले. गावात त्यांना मास्तर म्हणतात आणि मला गुरुजी. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. माणूस सज्जन आहे, ही पहिली अडचण. दुष्ट असता तर मत्सराला काही बूड तरी मिळाले असते. त्यांची बहीण मरिया जर्मनीत परिचारिका आहे. ती तिकडून विज्ञानाची चकचकीत मासिके पाठवते, आणि मास्तरांना जर्मन ओ की ठो कळत नाही. ते चित्रे बघतात. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, वर्ग दुसरा (पहिला थोडक्यात हुकला, किती थोडक्यात ते आक्काला माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही), रात्रंदिवस इंग्रजी मासिके वाचणारा, आणि हे जर्मन मासिकातली चित्रे बघणारे. आमची तुलना व्हायलाच नको होती. ती झाली, आणि फळ्यामुळे झाली.

वाचनालयाच्या ओट्यावर, एस. टी. स्टँडकडे तोंड करून, एक फळा आहे. इतर गावांत अशा फळ्यावर सुविचार लिहितात. मी ती रीत मोडून ‘आजचे शास्त्रीय सत्य’ सुरू केले आणि कित्येक वर्षे रोज सकाळी स्वतःच्या हाताने लिहीत आलो. ध्वनीचा हवेतला वेग. पाण्याची घनता कमाल असते ते तापमान. एकही विधान मी दोन पुस्तकांत पडताळल्याशिवाय लिहिले नाही. लोक त्या फळ्याला टेकून बसची वाट बघत. संध्याकाळपर्यंत अर्धे सत्य कुणाच्या ना कुणाच्या सदऱ्याच्या पाठीवर गेलेले असे, आणि विज्ञानाचा प्रसार असाही होतो म्हणून मी समाधान मानत असे.

दिवाळीत गुडघा धरला आणि मी घरी पडलो. तेवढ्या दिवसांत खडू मास्तरांनी घेतला. त्यांनी पहिल्याच दिवशी एक सूर्य काढला, त्यातून बाण निघालेले, आणि खाली लिहिले: ‘सूर्यातून जितके सूक्ष्म कण पृथ्वीवर यायला हवेत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेसुद्धा सापडत नाहीत. बाकीचे कुठे जातात? माहीत नाही.’ आता ही बातमी मीच त्यांना शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता सांगितली होती. अमेरिकेत एका सोन्याच्या खाणीत, जमिनीच्या पार पोटात, कपडे साफ करायच्या द्रवाने भरलेली भलीमोठी टाकी ठेवून हे कण मोजतात, हेही मीच सांगितले होते. मी मात्र ते फळ्यावर लिहिले नव्हते, कारण ज्याचे उत्तर नाही ते सत्य कसे? ते लिहायचे तर मथळा बदलावा लागला असता. मास्तरांनी मथळाच पुसला.

मी काठी टेकत स्टँडवर गेलो तेव्हा फळ्याला टेकलेला एकही माणूस नव्हता. सगळे समोर उभे होते आणि वाद घालत होते. रेशनच्या दुकानातला मापाडी गहिनीनाथ सांगत होता, “ह्यात अवघड काय हाय? वरून पोतं भरूनच निघतंय. मधी कुनीतरी खातंय.” (हे तो अधिकाराने बोलला.) ओट्याखाली भाजी विकणारी छबूबाई म्हणाली, “आरं पर खानाऱ्याला काय चटका बसत न्हाई का?” यावर बराच वेळ विचार झाला. राहुरीची बस आली आणि दोन माणसे न घेता गेली. दाजी, माझ्या सत्यापायी कोल्हारात आजवर कुणाची बस चुकलेली नाही.

मी रीतसर पुढे होऊन सांगितले की हे कण कशातही अडकत नाहीत, पृथ्वीतूनही आरपार जातात, तेव्हा ‘खाणे’ हा शब्द इथे बरोबर नाही. सर्वांनी ऐकून घेतले. मग छबूबाई मास्तरांकडे वळून म्हणाली, “मास्तर, मग?” आणि मास्तर, हातातला खडू झाडत, सावकाश म्हणाले, “माहीत नाही, मावशी. अजून कुणालाच नाही.” त्या बाईच्या तोंडावर असे समाधान पसरले की तिने त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी तशीच टाकली. मी पंचवीस वर्षे तिच्याकडून भाजी घेतो. मला ती तोलून देते.

त्यानंतर वाचनालयाचे अध्यक्ष कानिफनाथ आप्पा यांनी तोडगा काढला की फळा एक दिवस गुरुजींचा, एक दिवस मास्तरांचा. म्हणजे एक दिवस माहिती आणि एक दिवस माहिती नसणे. मास्तरांच्या दिवशी गर्दी. चंद्रावरून दगड आणून चार वर्षे उलटली, तरी चंद्र मुळात कुठून आला? माहीत नाही. अमेरिकेत एकाने अॅल्युमिनियमचे मोठमोठे दंडगोल तारेवर टांगले आहेत आणि गुरुत्वाकर्षणाच्या लाटांनी ते थरथरतात असे तो म्हणतो. दुसऱ्यांनी टांगले तर ते थरथरत नाहीत. खरे कोण? माहीत नाही. ज्या मेलेल्या ताऱ्यातून उजेडसुद्धा बाहेर येऊ शकत नाही त्याला मी मोठ्या कष्टाने ‘कृष्णविवर’ असा शब्द योजला होता. मास्तर ‘काळं भोक’ म्हणाले आणि गावाने तोच शब्द घेतला. माझ्या दिवशी मी पाऱ्याचे विशिष्ट गुरुत्व लिहिले. त्याला पुन्हा लोक टेकले.

अशा मनःस्थितीत धूमकेतू येणार ही बातमी आली, आणि मला वाटले, आता आपली पाळी.

त्या कोहूतेकच्या धूमकेतूबद्दल आपणही वाचलेच असेल. शतकातला सर्वांत मोठा, दिवसासुद्धा दिसेल, अशी सर्व वर्तमानपत्रांत हमी होती. ही ‘माहीत नाही’ची गोष्ट नव्हती. कक्षा माहीत, तारीख माहीत, दिशा माहीत. मी माझ्या दिवशी फळ्यावर लिहिले: ‘संक्रांतीच्या संध्याकाळी प्रवरेच्या घाटावरून धूमकेतू स्पष्ट दिसेल.’ ‘स्पष्ट’ या शब्दापाशी माझा खडू थबकला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मग मी त्याखाली रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फक्त एक शेपटीवाला तारा काढला आणि लिहिले: ‘दिसेल का? बघू या.’ मला हा भित्रेपणा वाटला.

संक्रांतीला घाटावर जत्रा लोटली. बायका हळदीकुंकवाची ताटे तिकडेच घेऊन आल्या. म्हातारी माणसे शेंडेनक्षत्र बघितल्यावर अंघोळ करावी लागते म्हणून कोरडी धोतरे घेऊन आली. मी पायरीवर उभा राहून दिशा दाखवत होतो. पश्चिमेला कारखान्याची चिमणी, हंगाम जोरात, आणि धुराचा पट्टा नेमका जिथे धूमकेतू हवा तिथे. (कारखान्याने तेवढी संध्याकाळ गाळप थांबवावे असा अर्ज मी केला होता. उत्तर आले की आपण सभासद असल्यास आपल्या उसाच्या नोंदीचा क्रमांक कळवावा.) इतक्यात धुराच्या वर एक तेजस्वी चांदणी उजळली आणि घाटावर एकच गलका झाला. लोकांनी हात जोडले. कुणी “गुरुजींनी सांगितलं तस्संच झालं बगा!” म्हणाले. कानिफनाथ आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दाजी, तो शुक्र होता.

मी गप्प बसलो असतो तर आज हे पत्र वेगळे झाले असते. पण मी पायरीवरून ओरडून सांगितले, “तो शुक्र आहे! धूमकेतू नव्हे! हात खाली करा!” आप्पा हळूच म्हणाले, “आसू द्या की गुरुजी. शेपूट उद्या यील.” मी म्हणालो, शुक्राला शेपूट येत नाही. लोकांनी हात खाली घेतले आणि धूमकेतू कुठे आहे ते विचारले. मी बोट दाखवले. त्यांनी बघितले. मीही बघितले. तिथे धूर होता आणि धुराच्या वर आकाश होते. आकाशात काही नव्हते.

अशा वेळी मास्तर पुढे आले. मरियाने पाठवलेली दुर्बीण त्यांच्या गळ्यात होती. ते म्हणाले, “मलापण दिसत नाही. का दिसत नाही, माहीत नाही. पण ह्यातून हा शुक्र तरी बघा.” आणि पहिल्याने बघितले ते छबूबाईने, आणि ती किंचाळली, “आगं बया! ही तर चंद्राची कोर!” दाजी, खरोखरच शुक्राची कोर दिसत होती, बीजेच्या चंद्रासारखी, नखाएवढी. मग रांग लागली. शुक्राला कला का असतात हे त्या घाटावर फक्त मला माहीत होते, आणि मास्तरांनी रांगेला सांगितलेही, “हे असं का, ते गुरुजी सांगतील.” मी सांगितले. सूर्य, पृथ्वी, शुक्र यांची स्थाने तीळगुळाचे लाडू पायरीवर मांडून दाखवली, कुठे काही अपुरे राहू नये म्हणून परिवलन आणि परिभ्रमण यांतला फरकही घेतला, आणि प्रत्येक जण दुर्बीण लावण्याआधी माझे ऐकत थांबू लागला. माझे स्पष्टीकरण संपले तेव्हा शुक्र मावळला होता. निम्म्या रांगेला काहीच दिसले नाही. दुर्बिणीबद्दल मास्तरांना दुवा मिळाला आणि शुक्र मावळल्याचा दोष मला. सूर्य झालेला लाडू तेवढ्यात कुणीतरी खाल्ला होता.

घरी पुष्पावती भाकरी वाढताना म्हणाली, “तुमाला शेंडेनक्षत्र दिसलं न्हाई ह्याचं दुःख न्हाई. मास्तरालाबी दिसलं न्हाई आन् तरी त्याचं काय बिघडलं न्हाई, ह्याचं दुःख हाय.” मी म्हणालो की हा तर्क चुकीचा आहे. कुठे चुकीचा आहे ते मला अजून सापडलेले नाही.

आणि आता मुख्य जखम. वाचनालयाची व्याख्यानमाला दर वर्षी प्रजासत्ताक दिनाला संपते, आणि तिचे शेवटचे पुष्प, ‘विज्ञानाची नवी क्षितिजे’, माझे असते. ती माझ्या घरातली गोष्ट झाली होती. मी वर्षभर त्याच्यासाठी कात्रणे जमवतो. या वर्षी आप्पा स्वतः घरी आले, खाली बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचं ज्ञान लई हाय, आमी काय न्हाई म्हनत न्हाई. पर तुमचं ऐकून घरी गेलं की झोप लागती. मास्तरचं ऐकलं की लागत न्हाई. औंदा त्यांना बोलू द्या.” मला काय दिले, तर वक्त्यांचा परिचय आणि शेवटी आभार. म्हणजे कोल्हारच्या पेढ्यांच्या पुड्यात कागद मी आणि दोरा मी, आणि पेढे चित्रकलेचे शिक्षक.

मी स्वतःला पुष्कळ विचारले. विज्ञानाचा प्रसार व्हावा हे तुझे ध्येय ना? मग तो झाला तर तुला पोटात का दुखते? प्रश्नाचे उत्तर येते, ते असे की प्रसार माझ्याकडून व्हावा हे माझे ध्येय होते आणि मी त्यातला ‘माझ्याकडून’ हा शब्द आजवर कुणाला ऐकू दिला नव्हता. मग वाटते, नाही, तक्रार तत्त्वाची आहे: जो आयुष्यभर शिकला त्याच्या ज्ञानापेक्षा न शिकलेल्याच्या अज्ञानाला जास्त मान का? पण तेही टिकत नाही. कारण त्या सूर्यकणांबद्दल मास्तरांना जितके माहीत नाही तितकेच मलाही माहीत नाही. दोघांचे अज्ञान अगदी सारखे, माझे कदाचित थोडे अधिक तपशीलवार. मग त्यांचे गोड आणि माझे कडू का? त्यांनी ते मोठ्याने म्हटले, एवढाच फरक. पंचवीस वर्षांत मी वर्गात, फळ्यावर, घरात ते दोन शब्द एकदाही उच्चारलेले नाहीत. पुष्पावतीला विचारून खात्री केली.

असो. मनातले लिहून मोकळा झालो. आपल्याकडे काही मागणे नाही; पत्र निव्वळ खुशालीचे आहे. आक्काने गरम पाणी प्यावे, आपण मीठ कमी करावे, आणि दोघांनी या भावाविषयी बरे मत ठेवावे. ठेवता आले नाही तर निदान ते वसाहतीत बोलू नये.

आपला,
राधाकृष्ण

ता. क. – एक किरकोळ काम आहे. सूर्याचे हरवलेले कण, चंद्राचा उगम, गुरुत्वाकर्षणाच्या लाटा, या तीनपैकी एखाद्याचे उत्तर सापडले आहे का, हे आपल्या केंद्रातल्या कुणा शास्त्रज्ञाला, तो भांडारात काही न्यायला आला म्हणजे, सहज विचारावे. सापडले असल्यास शुक्रवारपर्यंत तारेने कळवावे. ‘कण सापडले’ एवढे पुरे. शनिवारी मास्तर भर सभेत ‘माहीत नाही’ म्हणाले की मी आभाराला उठून नम्रपणे सांगेन की आता माहीत झाले आहे. हेतू निव्वळ शास्त्रीय आहे.

ता. क. दुसरा, संध्याकाळ – पत्र बंद करणार तोच मास्तर स्वतः घरी आले. चेहरा पडलेला. म्हणाले, “गुरुजी, मला स्टेजची भीती वाटते. फळ्याकडं तोंड असलं की बोलता येतं. लोकांकडं वळलो की जीभच उचलत नाही. आप्पांना नाही म्हणता आलं नाही.” त्यांची विनंती अशी की त्यांनी पाठमोरे उभे राहून चित्रे काढावी आणि मी बोलावे. “जेवढं माहीत आहे तेवढं तुम्ही सांगा. मला कडेपर्यंत नेऊन सोडा. तिथून पुढचं मी वळून म्हणेन.” म्हणजे तासभर बोलायचे मी, आणि टाळ्या त्या दोन शब्दांना. मी हे त्यांना स्पष्ट बोलून दाखवले. ते म्हणाले, “मग ते दोन शब्द तुम्ही म्हणा.” मी म्हणालो, मला सवय नाही. मग हो म्हणालो. (पुष्पावतीने आतून चहाचा दुसरा कप आधीच पाठवला होता.) तेव्हा दाजी, तार करू नये. चौकशीही करू नये. एखादे उत्तर सापडलेच असेल तर कृपा करून सव्वीस तारखेपर्यंत ते आपल्या भांडारातच ठेवावे.

ता. क. तिसरा, बुधवार – पत्र खिशातच राहिले, त्याचे कारण असे. मास्तर त्यांची दुर्बीण आमच्या ओसरीवर विसरून गेले होते. काल दिवेलागणीला वारा फिरला आणि धूर पूर्वेला गेला, म्हणून मी गुडघा धरत माळवदावर चढलो. गुरू ग्रहाच्या जवळपास, अगदी पुसट, ओल्या बोटाने पाटी पुसल्यावर राहतो तसा एक डाग दिसला. काच पुसली. डाग तिथेच. डोळे चोळले. डाग तिथेच. दैनंदिनीत ‘दिसला’ लिहिले, मग खोडून ‘दिसला असावा’ लिहिले. आज फळा माझा होता. सकाळी गेलो आणि लिहिले: ‘काल संध्याकाळी पश्चिमेला एक पुसट डाग दिसला. धूमकेतू होता का? माहीत नाही.’ मागे सरून बघतो तर टेकायला आलेले लोक थांबले, वाचू लागले, आणखी जमले. मनमाडची बस आली आणि तिच्यात चढायचे दोघे राहिले. मला वाटले, झाले! तेवढ्यात छबूबाईने गहिनीनाथाकडून ते दोनदा वाचून घेतले, मान हलवली आणि म्हणाली, “अक्षर गुरुजींचं दिसतंय. पर बोलनं मास्तरचंच हाय.” सगळ्यांनी मान डोलावली. मी खुलासा करायला पुढे व्हायला बघितले, पण गर्दीत जागा मिळाली नाही.